कॅमेरा निघून गेल्यावर : आनंद पटवर्धनांचे माहितीपट आणि चित्रित माणसाचे ऋण

'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटात एक प्रसंग असा आहे की जो दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने संकलनाच्या टेबलावरच कापून टाकला असता. मुंबईत झोपड्या पाडल्या जात आहेत, उघड्यावर आलेली माणसे सामान गोळा करत आहेत, आणि कॅमेरा तेथे पोचला आहे. तेवढ्यात एक बाई कॅमेऱ्याकडे वळून चित्रीकरण करणाऱ्यांनाच फैलावर घेते. तिच्या बोलण्याचा आशय असा : आमचे फोटो काढून तुमचे नाव होणार, आम्हाला त्यातून काय मिळणार? तिला उत्तर मिळत नाही. देण्यासारखे उत्तर त्या क्षणी कोणाजवळ नसतेच. पटवर्धनांनी हा प्रसंग चित्रपटात ठेवला, याचे कौतुक अनेकांनी प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून केले आहे. मला तो त्याहून मोठा वाटतो. त्या बाईने विचारलेला प्रश्न हाच पटवर्धनांच्या सबंध कामाकडे पाहण्याचा सर्वांत कडक आणि म्हणून सर्वांत उपयोगी निकष आहे. कॅमेरा निघून गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाचे काय होते?

पटवर्धनांवरचे लेखन बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट सेन्सॉर, दूरदर्शन आणि न्यायालये यांची. त्यांचे चित्रपट रोखले गेले, ते कोर्टात गेले, जिंकले. 'जंग और अमन'ला (२००२) सेन्सॉरने सुचवलेले काट मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द ठरवले, 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' (१९९५) दूरदर्शनवर दाखवावा म्हणून २००६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. हा इतिहास महत्त्वाचा आहे, पण तो वकिलांनी लिहावा असा आहे. दुसरी वाट भूमिकेची : दिग्दर्शकाची मते आपल्याला पटतात की नाही यावरून चित्रपटाची बरी-वाईट संभावना करायची. दोन्ही वाटांवर चित्रपट पाहण्याचे काम मात्र राहून जाते. त्यातून आपल्याकडे 'माहितीपट' या शब्दानेच अर्धा घोटाळा केला आहे. पूर्वी त्याला 'अनुबोधपट' म्हणत. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट लागे, आणि तो संपेपर्यंत प्रेक्षक बाहेर चहा पीत उभे राहात. बोध करणारा किंवा माहिती देणारा, एवढीच या प्रकाराची ओळख आपल्या मनात रुजली. साक्ष नोंदवणारा, उलटतपासणी घेणारा, आणि कधी कधी स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणारा चित्रपट असतो हे त्या शब्दांत मावत नाही. मराठी समीक्षेने कादंबरीइतके नाही तरी एकांकिकेइतके तरी लक्ष या प्रकाराकडे द्यायला हवे होते.

पटवर्धनांचा जन्म १९५० चा, मुंबईचा. घराणे अहमदनगरच्या पटवर्धनांचे. अच्युतराव आणि रावसाहेब हे दोघे त्यांचे काका. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन करणाऱ्यांत आणि बेचाळीसच्या भूमिगत चळवळीत अच्युतरावांचे नाव अग्रभागी होते. मुंबई विद्यापीठातून इंग्रजी घेऊन पदवी, मग अमेरिकेत समाजशास्त्र, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनात सहभाग, परत येऊन मध्य प्रदेशात 'किशोर भारती'त काम. १९७४ साली जयप्रकाशांच्या आंदोलनासाठी ते बिहारात गेले. तेथे मागून आणलेल्या सुपर-एट कॅमेऱ्याने जे टिपले ते पडद्यावर दाखवून पुन्हा सोळा मिलिमीटरवर चित्रित करण्यात आले, आणि त्यातून 'क्रांती की तरंगें' तयार झाला. पडद्यावरचे दाणेदार, फुटके चित्र हे साधनांच्या तुटवड्याचे फळ होते. पुढे त्यालाच शैली म्हणण्यात आले. आणीबाणी लागली तेव्हा प्रिंटचे तुकडे करून ती देशाबाहेर पाठवावी लागली. म्हणजे ज्या माणसांना त्यांनी चित्रित केले, त्यांना त्या चित्रामुळेच धोका होऊ शकतो, हा धडा पहिल्याच चित्रपटाने दिला. पुढचा 'ज़मीर के बंदी' (१९७८) राजकीय कैद्यांवरचा आहे, हे ओघानेच आले.

त्या बाईच्या प्रश्नाकडे परत जाऊ. 'हमारा शहर' आला त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या खटल्याचा निकाल दिला : उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे मान्य केले, आणि तरीही नोटीस देऊन झोपड्या हटवण्याची मुभा ठेवली. चित्रपट याच दुटप्पी जागेवर उभा आहे. पालिकेचे अधिकारी, पोलीस अधिकारी, दिवाणखान्यात बसून शहराच्या बकालपणाबद्दल हळहळणारे सुखवस्तू लोक, आणि ज्यांच्या श्रमावर ते दिवाणखाने उभे राहिले ती माणसे. हा विरोध अण्णाभाऊ साठ्यांनी मुंबईवरच्या लावणीत कितीतरी आधी मांडला होता. मराठी माणसाला तो नवा नाही. नवे होते ते चित्रपटानंतरचे. १९८६ साली नरिमन पॉइंटजवळच्या संजय गांधी नगरच्या झोपड्या तोडल्या गेल्या तेव्हा झालेल्या उपोषणात शबाना आझमी बसल्या आणि पटवर्धनही बसले. त्या वस्तीचे पुढे गोरेगावला पुनर्वसन झाले. त्या बाईला उत्तर द्यायचा हा एक प्रयत्न होता, आणि तो पडद्याबाहेरचा होता.

काही वेळा मात्र परत जाणेच शक्य नसते. 'राम के नाम' (१९९२) बाबरी मशीद पडण्यापूर्वी पूर्ण झालेला आहे, आणि त्याची ताकद भाकिताची नसून कान देण्याची आहे. पटवर्धन रस्त्यावरच्या तरुणाला साधा प्रश्न विचारतात : राम कधी जन्मला? जन्मस्थान नेमके ठाऊक असलेल्याला जन्मकाळ सांगता येत नाही. प्रश्न विचारून ते गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यात सगळा चित्रपट आहे. १९४९ साली मशिदीत मूर्ती ठेवण्यात आपला हात होता हे अभिमानाने सांगणारा महंतही असाच, कोणी न डिवचता बोलत जातो. पण स्मरणात राहतात ते पुजारी लालदास. न्यायालयाने नेमलेले रामजन्मभूमीचे मुख्य पुजारी. संथ आवाजात, तुलसीदासाच्या पावसाळ्याच्या वर्णनाचा आधार घेत, ते सांगतात की हा खेळ पैशाचा आणि सत्तेचा आहे. श्रद्धाळू माणसाने श्रद्धेच्याच भाषेत केलेला हा प्रतिवाद एखाद्या निधर्मी पंडिताला शंभर पानांत साधला नसता. १९९२ च्या मार्चमध्ये लालदासांना पदावरून दूर करण्यात आले. १९९३ च्या नोव्हेंबरात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. चित्रपटातल्या मुलाखतीमुळे तो झाला असे म्हणायला आधार नाही. ते उघडपणे बोलतच होते. तरी आज तो चित्रपट पाहणारा माणूस लालदासांकडे सरळ मनाने पाहू शकत नाही. आपण एका मृताची साक्ष ऐकतो आहोत हे आपल्याला माहीत असते, त्यांना नसते.

या पार्श्वभूमीवर 'जय भीम कॉम्रेड' (२०११) पाहायला हवा. माझ्या मते पटवर्धनांची ही सर्वांत मोठी कृती आहे, आणि ती मराठी कृती आहे. 'हमारा शहर'मध्ये एक गायक होता, विलास घोगरे. झोपडपट्टीत राहणारा, 'आव्हान नाट्य मंच'च्या मंडळींबरोबर गाणारा, जातीने दलित, विचाराने डावा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर उतरले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. चार दिवसांनी विलास घोगरे यांनी गळफास घेतला. डोक्याला निळे फडके बांधलेले होते. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या माणसाने जाताना निळा रंग का निवडला, या प्रश्नाचा पाठलाग पटवर्धनांनी चौदा वर्षे केला. चित्रपटाचे नाव म्हणजे दोन अभिवादने शेजारी ठेवलेली आहेत. ती एकमेकांशी बोलतात की नाही, हाच वाद आहे.

चौदा वर्षे हा आकडा मला निर्णायक वाटतो. 'हमारा शहर'मध्ये एक गाणे घेऊन कॅमेरा निघून गेला होता. गायक मेल्यावर तो त्याच्या घरी परत आला आणि मग तेथून हललाच नाही. एवढा काळ थांबल्यावर बातमी गळून पडते, माणसे उरतात. गोळीबारासाठी दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला २००९ साली जन्मठेप होईपर्यंतचा प्रवास, मृतांच्या घरांतली पोरे मोठी होताना, पुढाऱ्यांचे झेंडे आणि व्यासपीठे बदलताना, हे सारे आपल्यासमोर घडते. पेट्रोलियम वायूचे टँकर जाळण्याचा जमावाचा बेत होता म्हणून गोळीबार करावा लागला, हा पोलिसांचा दावा होता. त्याच्या पुष्ट्यर्थ दिलेल्या चित्रफितीची तपासणी पटवर्धन पडद्यावरच करतात. मराठी प्रेक्षकाला एवढा सविस्तर दृश्य-पुरावा तपासण्याची सवय नाही, त्यामुळे काहींना हा भाग रेंगाळलेला वाटतो. मला तो चित्रपटाचा कणा वाटतो. सरकारने स्वतःच्या बचावासाठी केलेली नोंद सरकारविरुद्धच बोलू लागते.

येथे सोलापूरकराला दुसरे काही आठवल्याशिवाय राहात नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांची सत्ता काही दिवस जवळजवळ उरली नव्हती, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. चार पुतळा चौकातून आपण रोज जातो. पण त्या दिवसांत रस्त्यावर काय घडले हे सांगणारी सरकारी कागदपत्रे एका बाजूला आणि गिरणगावातल्या सांगोवांगी आठवणी दुसऱ्या बाजूला, अशीच आपली मांडणी आहे. दोन्हींना समोरासमोर बसवणारा तिसरा साक्षीदार नाही. रमाबाई नगराला तो मिळाला, उशिरा का होईना.

पण पुरावा हा 'जय भीम कॉम्रेड'चा अर्धाच भाग. उरलेला अर्धा गाण्यांनी भरला आहे. लग्नातली, जयंतीतली, सहा डिसेंबरच्या गर्दीतली, कव्वालीच्या चालीवरची, डफावरची. संभाजी भगत गातात, शीतल साठे गातात, नावही न कळलेल्या बाया गातात. चित्रपटांत गाणे बहुधा दोन प्रसंगांच्या मधली मोकळी जागा भरते. येथे गाणे हेच विधान आहे; निवेदकाचा आवाज जेथे थांबतो तेथून ते पुढे नेते. निरक्षर आजी भीमगीत म्हणते तेव्हा ती इतिहास सांगत असते, आणि तो तिने कोणत्या पुस्तकातून घेतलेला नसतो.

म्हणूनच हा चित्रपट भारतीय माहितीपटांच्या परंपरेत ठेवून भागत नाही, तो शाहिरीच्या परंपरेत ठेवून वाचावा लागतो. आणि शाहिरी म्हटली की आमच्या जिल्ह्याला आपले देणे सांगावे लागते. अमर शेख बार्शीचे. मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव, १९१६ चा जन्म, गिरणीत काम केलेला माणूस. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर 'लाल बावटा' कलापथकातून त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या पहाडी आवाजाने भरल्या. आज आपल्या हाती काय उरले आहे? 'कलश' आणि 'धरतीमाता' हे संग्रह. शब्द उरले. तो आवाज मैदानात कसा चढत असे, कडव्याच्या शेवटी लोक कोठे दाद देत, डफ कोठे थांबे, हे ज्यांनी पाहिले ती पिढी जवळजवळ संपली. शाहिराची कविता कागदावर आली की निम्मी मरते, हे आपण सारे जाणतो आणि तरी कागदावरच अवलंबून राहतो. विलास घोगरे आणि त्यांच्यानंतरचे गायक यांच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे श्रेय एका माहितीपटकाराला आहे.

फरक आणखी एक आहे. अमर शेखांच्या मागे पक्ष होता, कामगार संघटना होत्या, मैदान भरून माणसे होती. घोगरे यांच्या पिढीपर्यंत गिरण्या मोडीत निघाल्या, संघटना विरल्या, आणि शाहीर गटातटांच्या शिस्तीत एकटा पडला. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यात सुरू झालेल्या 'कबीर कला मंच'च्या तरुणांवर तर गाण्यांतूनच माओवादी असल्याचा संशय आला. २०११ मध्ये त्यांच्यातले काही पकडले गेले, काही भूमिगत झाले. चित्रपट संपतो तेव्हा शीतल साठे आणि तिचे साथी आपल्या जगातून नाहीसे झालेले असतात. तिच्या आईशी झालेला संवाद चित्रपटाच्या अखेरच्या भागात आहे, आणि इतक्या भाषणबाज मुलखात इतके साधे बोलणे क्वचित ऐकायला मिळते. आई देवभोळी आहे, मुलगी नास्तिक. दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे, आणि आईला मुलीचे म्हणणे कळतेही. चित्रपटानंतर पटवर्धन या तरुणांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या समितीत सक्रिय राहिले. एप्रिल २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर उघडपणे हजर झाले. ती तेव्हा गरोदर होती. सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला २०१७ उजाडले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधला (२०१४) शाहीर नारायण कांबळे, ज्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली असा खटला चालतो, तो ज्यांना अतिरंजित वाटला त्यांनी 'जय भीम कॉम्रेड' पाहिलेला नसावा. 'कोर्ट'ची गाणी संभाजी भगतांचीच आहेत.

एक आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. पटवर्धन हे आडनाव चित्पावनांचे. दलितांच्या दुःखावर सवर्णाने चित्रपट काढावा काय, हा प्रश्न 'हमारा शहर'मधल्या त्या बाईच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. माझे उत्तर असे की पटवर्धन आपल्या जागेचा वापर करतात, ती लपवत नाहीत. शिवाजी पार्कच्या परिसरातली माणसे सहा डिसेंबरच्या गर्दीबद्दल, घाणीबद्दल ज्या मोकळेपणाने नाक मुरडतात, तसे त्यांनी एखाद्या दलित दिग्दर्शकासमोर मुरडले असते काय? विचारणारा आपल्यातला आहे या भरवशावर ती बोलतात, आणि फसतात. सवर्ण समाजाची ही आतली नोंद आतल्याच माणसाला मिळू शकत होती. मात्र दलितांच्या घरातली आतली नोंद त्याला तेवढी मिळत नाही, ती गाण्यातून मिळते, घरगुती भांडणातून नाही. त्या घरांतली कटुता, बायकांवरचा अन्याय, पोटजातींचे ताण यांना चित्रपट हळूच स्पर्श करून सरकतो. दलित आत्मकथनांनी जे धाडस केले ते येथे नाही.

पटवर्धनांचे कमकुवत चित्रपट कोणते, हेही त्याच निकषाने ठरते. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या खुनांभोवती उभा असलेला 'विवेक' (२०१८) सुमारे चार तासांचा आहे आणि त्याचा विषय आपल्या काळजाला हात घालणारा आहे. अॅमस्टरडॅमच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च मान मिळाला. केरळात तो दाखवायला उच्च न्यायालयात जावे लागले. पण तेथे पटवर्धन घटनांच्या मागे धावताना दिसतात. खून, मोर्चा, जमावाने केलेली हत्या, विद्यापीठातले आंदोलन, पुन्हा खून. निवेदन सतत जोडत राहते, आणि जोडणाऱ्या आवाजाला थांबून ऐकायला उसंत नसते. ज्याने एका गायकासाठी चौदा वर्षे दिली त्याने येथे कोणापाशीही पुरेसा मुक्काम केलेला नाही. याउलट 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध'मध्ये रस्त्यावर मर्दानगीची औषधे विकणाऱ्या वैदूंपाशी तो असा काही रमतो की हिंसा आणि पौरुष यांचे नाते एका हशातच उघडे पडते. निवेदनाने ते सांगितले असते तर कोणी ऐकले नसते.

आणखी एक उणीव आहे, आणि ती सोलापुरातून जरा ठळक दिसते. पटवर्धनांच्या चित्रपटांत विजय फारसा येत नाही. संजय गांधी नगरचे पुनर्वसन ही त्यांच्याच सहभागाने मिळालेली गोष्ट, पण ती चित्रपटाबाहेर राहिली. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायकांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढून कुंभारीच्या माळावर घरे मिळवली : गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, आणि रे नगरच्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. दोन्ही वेळा हस्तांतरणाला देशाचे पंतप्रधान आले, एकदा एका पक्षाचे आणि एकदा दुसऱ्या. लाल बावटा, तेलुगू आणि मराठी बोलणाऱ्या बाया, दोन पंतप्रधान, आणि घर मिळाल्यावरही न सुटलेला मजुरीचा प्रश्न. लढ्याने मिळवलेले यश कसे गुंतागुंतीचे असते, सरकारे त्याचे श्रेय कसे वाटून घेतात, जिंकलेली माणसे नंतर काय करतात, हे दाखवायला अन्यायाच्या चित्रणाहून वेगळी नजर लागते. ती नजर पटवर्धनांच्या कामात मला फारशी सापडत नाही. पराभवाशी इमान राखणाऱ्या कलावंताला जिंकलेल्याच्या घरी चहाला जाणे जमत नाही, असे काहीसे झाले असावे.

'वसुधैव कुटुंबकम्' (२०२३) मध्ये मात्र हा दिग्दर्शक प्रथमच घरात बसलेला दिसतो. वृद्ध होत चाललेल्या आई-वडिलांचे घरगुती चित्रण तो वर्षानुवर्षे करत होता, चित्रपट करायचा म्हणून नव्हे. आई निर्मला पटवर्धन या नावाजलेल्या मृत्तिका-शिल्पकार, मूळच्या सिंधमधल्या हैदराबादच्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या. त्यांचे वडील भाई प्रताप यांनी फाळणीनंतर निर्वासित सिंधींसाठी गांधीधाम वसवले. वडिलांकडचे काका तुरुंग आणि भूमिगत जीवन यांत मुरलेले. एवढा इतिहास घरात असूनही चित्रपट भाषण करत नाही. म्हातारे दोघे एकमेकांना चिडवतात, नावे विसरतात, थकतात. चळवळीच्या चित्रपटांत क्वचित दिसलेली एक गोष्ट येथे सतत दिसते : चित्रित होणारी माणसे चित्रित करणाऱ्याची थट्टा करतात. पुरे कर आता हे शूटिंग, असा भाव आईच्या चेहऱ्यावर येतो आणि जातो. १९८५ मध्ये त्या झोपडीतल्या बाईला हे कठोरपणे बोलावे लागले होते, कारण कॅमेरा तिच्या घरचा नव्हता. येथे तो घरचाच आहे, आणि मुलगा पुढचे दृश्य घ्यायचे सोडून आईच्या प्रश्नाला उत्तर देत बसतो.